झालेला भाव आणि मिळणारा भाव: शेअरचा कोट कसा वाचावा

वाशीच्या एपीएमसीत कांद्याचा रोजचा भाव जाहीर होतो तेव्हा तो एकच आकडा कधीच नसतो. आवक किती, किमान दर किती, कमाल दर किती आणि सर्वसाधारण दर किती, असे रकाने असतात. घाऊक खरेदीचा हिशेब मांडणारा माणूस कमाल दर बघून घाबरत नाही आणि किमान दर बघून हुरळत नाही. आवक आणि सर्वसाधारण दर एकत्र वाचून तो अंदाज बांधतो.

शेअरचा कोट, म्हणजे ॲपवर एका शेअरच्या भावाचं जे पान दिसतं ते, वाचायला हीच नजर लागते. फरक एवढाच की मंडईत दर बदलतो तो बराचसा मालाच्या प्रतवारीमुळे, आणि शेअर बाजारात एका कंपनीचे सगळे साधे शेअर सारखेच असल्यामुळे भाव बदलतो तो फक्त वेळेप्रमाणे. सव्वानऊला घेणाऱ्याला एक भाव, दुपारी दोनला घेणाऱ्याला दुसरा, माल मात्र तोच.

नवीन डिमॅट खातं उघडणाऱ्या बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. ॲपवर ठळक अक्षरांत दिसणारा आकडा हा ‘शेअरचा भाव’ आहे आणि बटण दाबलं की त्या भावात शेअर मिळेल, असं त्यांना वाटतं. तो आकडा म्हणजे नुकताच झालेला शेवटचा सौदा असतो, आणि तो सौदा दुसऱ्या कोणाचा तरी असतो. तुम्हाला काय भाव मिळेल, हे कोटच्या खालच्या भागात, डेप्थच्या, म्हणजे थांबलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींच्या, तक्त्यात लिहिलेलं असतं. तिथपर्यंत स्क्रोल करण्याची सवय लागली की निम्मं काम झालं.

आधी खात्री करा: हीच ती कंपनी का?

भाव बघण्याआधी नाव नीट बघा. एनएसईवर (नॅशनल स्टॉक एक्सचेंज) प्रत्येक शेअरला अक्षरांचं चिन्ह असतं, बीएसईवर (मुंबई शेअर बाजार) सहा आकडी कोड असतो. रिलायन्स इंडस्ट्रीजचा बीएसई कोड ५००३२५ आहे. दोन्हीकडे समान असलेली ओळख म्हणजे आयसिन हा अक्षरं आणि आकडे मिळून बारा खुणांचा क्रमांक. नावं एकसारखी असली तरी आयसिन वेगळाच असतो, म्हणून शंका आली तर तोच जुळवून पाहायचा.

हे उगाच सांगत नाही. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत ऑक्सिजनची टंचाई झाली, तेव्हा बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा शेअर झपाट्यानं वर गेला. कंपनीनं औद्योगिक वायूंचा धंदा २०१९ मध्येच बंद केला होता आणि ती गुंतवणुकीचा व्यवसाय करत होती. नावात ऑक्सिजन होता, एवढंच. कंपनी काय करते याच्या दोन ओळी कोटच्या पानावरच असतात. त्या वाचायला अर्धं मिनिट लागतं.

एक कोट ओळीओळीनं

समजा, एका कंपनीचा कोट दुपारी एकच्या सुमारास असा दिसतोय (आकडे केवळ उदाहरणासाठी):

शेवटचा भाव ४१२.६०
बदल +७.६० (१.८८ टक्के)
मागचा बंद ४०५.००
आजचा पहिला भाव ४०८.००
आजचा उच्चांक ४१६.९०
आजचा नीचांक ४०३.२५
सरासरी भाव ४१०.८५
व्हॉल्यूम १८,४२,३१७

हिरवा रंग आणि ‘+७.६०’ हे कशाच्या तुलनेत? मागच्या दिवसाच्या बंद भावाच्या. आजच्या पहिल्या भावाच्या तुलनेत नव्हे. इथे बराच गोंधळ होतो. हाच शेअर सकाळी ४१६ ला उघडून दिवसभर घसरत ४१२ वर आला असता, तरी पडद्यावर हिरवाच दिसला असता. सकाळी ४१६ ला घेणारा तोट्यात आणि रंग हिरवा, असं रोज घडतं. म्हणून रंग सोडा आणि पहिला भाव, उच्चांक, नीचांक व शेवटचा भाव हे चार आकडे एका ओळीत मांडा. वरच्या उदाहरणात शेअर ४०८ ला उघडला, एकदा ४०३ पर्यंत खाली गेला, मग ४१७ च्या जवळ जाऊन थोडा मागे आला. दिवसाची हकिगत एवढ्यात कळते.

मागचा बंद हा आकडा सुद्धा शेवटच्या सौद्याचा असेलच असं नाही. बाजार साडेतीनला बंद होतो, पण रूढ पद्धतीत बंद भाव काढतात तो ३ ते ३.३० या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची, शेअरच्या संख्येनुसार भार देऊन केलेली सरासरी. शेवटच्या सेकंदाला कोणी चार शेअर वाटेल त्या भावानं उचलून बंद भाव फुगवू नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे ३.२९ ला ४११ दिसलेला शेअर संध्याकाळी ४०९.४० ला ‘बंद’ दिसला तर ॲप बिघडलेलं नाही.

सरासरी भाव, ज्याला ॲपवर एटीपी किंवा व्हीवॅप म्हणतात, तो म्हणजे कोटमधला सर्वसाधारण दर. आज आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी घेतला, त्यांना सरासरी ४१०.८५ ला पडला. तुम्ही ४१६ ला घेत असाल तर आजच्या बहुतेक खरेदीदारांपेक्षा महाग घेताय, हे डोळ्यांसमोर असलेलं बरं.

व्हॉल्यूम म्हणजे आवक, पण इथे एक पथ्य पाळा: शेअरची संख्या रुपयांत बदलून बघा. १८,४२,३१७ गुणिले ४१०.८५ म्हणजे सुमारे ७५ कोटी ६९ लाखांची उलाढाल. पाच-दहा हजारांची खरेदी-विक्री इथे कोणाला कळणारही नाही. उलट ६ रुपयांच्या शेअरमध्ये दोन लाखांचा व्हॉल्यूम दिसला तर तो भरघोस वाटतो, पण उलाढाल फक्त १२ लाखांची असते. ठाण्यात एखादा छोटा गाळाही त्या रकमेत मिळणं कठीण. अशा शेअरमधून मोठी रक्कम बाहेर काढायची म्हटलं तर घेणारा सापडत नाही.

व्हॉल्यूमच्या शेजारी डिलिव्हरीचे टक्के असतात. दिवसभरात हात बदललेल्या शेअरपैकी किती खरोखर कोणाच्या डिमॅटमध्ये गेले आणि किती त्याच दिवशी घेऊन विकले गेले, हे त्यातून कळतं. पक्का आकडा बाजार संपल्यावर येतो. एखाद्या शेअरच्या नेहमीच्या टक्केवारीशी आजची ताडून बघा. दोन वेगळ्या कंपन्यांची टक्केवारी एकमेकींशी लावण्यात अर्थ नाही.

डेप्थ: खरा भाव इथे असतो

आता तो तक्ता. डावीकडे घेणाऱ्यांच्या पाच बोली, उजवीकडे विकणाऱ्यांच्या पाच मागण्या, आणि प्रत्येकीसमोर शेअरची संख्या. डावीकडची सगळ्यात वरची बोली म्हणजे बिड. तुम्ही आत्ता लगेच विकलं तर मिळणारा भाव. उजवीकडची सगळ्यात वरच्या ओळीतली, म्हणजे सगळ्यात स्वस्त, मागणी म्हणजे आस्क किंवा ऑफर. आत्ता लगेच घेतलं तर द्यावा लागणारा भाव. या दोघांमधल्या अंतराला स्प्रेड म्हणतात.

कमी उलाढालीचा एक शेअर घेऊ. शेवटचा भाव ८६.४० आणि तुम्हाला ५०० शेअर हवेत. डावीकडची पहिली बोली ८५.१० ची आहे. उजवीकडे असं दिसतंय:

८६.४० ला ४० शेअर
८६.७५ ला ११०
८७.५० ला ६०
८८.९० ला १५०
९०.०० ला ३००

तुम्ही ‘मार्केट’ ऑर्डर टाकलीत. म्हणजे भाव न सांगता ‘मिळेल त्या भावानं द्या’ म्हटलंत. संगणक तुमच्यासाठी सगळ्यात स्वस्त मागणीपासून महागाकडे चढत जातो: ४० शेअर ८६.४० ला, ११० शेअर ८६.७५ ला, ६० शेअर ८७.५० ला, १५० शेअर ८८.९० ला, आणि उरलेले १४० शेअर ९० ला. एकूण ४४,१८३.५० रुपये. मनात धरलेला हिशेब होता ५०० गुणिले ८६.४०, म्हणजे ४३,२००. ९८३.५० रुपये जास्त गेले. यात ब्रोकरनं काही लबाडी केली नाही, की एक्सचेंजचीही काही चूक नाही. तक्ता उघडा होता, तो वाचला नाही, इतकंच. आणि त्याच क्षणी विचार बदलून विकायला गेलात तर पहिली बोली ८५.१० चीच आहे, म्हणजे नुसत्या स्प्रेडमध्ये दर शेअरमागे १.३० रुपये, साधारण दीड टक्का, आधीच गेलेले.

यावर उपाय सोपा आहे. लिमिट ऑर्डर टाका. ‘८६.७५ पर्यंत देतो, त्याच्या वर नाही’ असं सांगितलं की १५० शेअर लगेच मिळतील आणि उरलेल्या ३५० ची तुमची बोली डाव्या बाजूला सगळ्यात वर जाऊन थांबेल. त्या भावात कोणी विकायला आलं तर मिळतील, नाही आलं तर बाजार बंद होताना दिवसाची ऑर्डर आपोआप रद्द होईल. थोडे शेअर हुकले तरी चालेल, पण भाव आपण ठरवायचा. नवख्यानं पहिलं वर्षभर तरी मार्केट ऑर्डरला हातच लावू नये, असं आमचं ठाम मत आहे. निफ्टी या निर्देशांकातल्या मोठ्या शेअरमध्ये स्प्रेड पाच-दहा पैशांचा असतो आणि तिथे फारसं बिघडत नाही हे खरं, पण सवय एकदा लागली की ती छोट्या शेअरमध्येही सोबत येते.

लिमिट टाकताना कधी ‘टिक साइज’ची चूक आली म्हणून ऑर्डर परत येते. प्रत्येक शेअरच्या भावाची लहानात लहान पायरी ठरलेली असते. स्वस्त शेअरमध्ये ती १ पैशाची असते, भाव वाढतो तशी ५ पैसे, १० पैसे अशी मोठी होत जाते. पायरी ५ पैशांची असेल तर ४१२.६२ हा भाव चालत नाही, ४१२.६० किंवा ४१२.६५ टाकावा लागतो.

तक्त्याच्या तळाशी घेणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची एकूण संख्या येते. ‘घेणारे दुप्पट आहेत, म्हणजे भाव चढणार’ असा तर्क करू नका. भावापासून खूप लांब टाकलेल्या ऑर्डरीही त्यात मोजल्या जातात, आणि त्या कोणत्याही क्षणी मागे घेता येतात.

एक बाजू रिकामी असेल तेव्हा

कधी उजवीकडे सगळे शून्य दिसतात आणि डावीकडे लाखो शेअरची रांग. हे अप्पर सर्किट. एक्सचेंजनं बहुतेक शेअरना दिवसाला २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा घातलेली असते, आणि ती मागच्या बंदवर मोजतात. आपल्या पहिल्या उदाहरणातल्या ४०५ च्या शेअरला २० टक्क्यांची पट्टी असेल तर आज तो ३२४ च्या खाली आणि ४८६ च्या वर जाऊच शकत नाही. ज्या शेअरमध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सचे (पुढच्या तारखेच्या करारांचे) सौदे चालतात त्यांना अशी ठरावीक पट्टी नसते. तिथे १० टक्क्यांवर थांबून पुढे टप्प्याटप्प्यानं सैल होणारी मर्यादा असते.

रोज ५ टक्के अप्पर सर्किट लागणाऱ्या शेअरचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. विकणारा कोणीच नाही, म्हणजे तुम्हाला तो भाव मिळणारच नाही. तुम्ही रांगेत शेवटी उभे आहात. आणि ज्या दिवशी तुमचा नंबर लागून शेअर मिळतात, त्या दिवशी कोणीतरी मोठ्या प्रमाणात विकायला काढलेले असतात. पुढे लोअर सर्किट लागलं की चित्र उलटं होतं: डावी बाजू शून्य. तुम्ही रोज सकाळी नऊला विक्री लावाल आणि रोज ती तशीच परत येईल. भाव ५ टक्क्यांनी पडल्याचं दुःख एक वेळ परवडतं, पण बाहेर पडायला दारच नसणं फार वाईट. पट्टी २ किंवा ५ टक्क्यांची दिसली तर थांबा. एक्सचेंजला त्या शेअरच्या हालचालीवर लगाम ठेवावासा वाटला आहे, असा त्याचा अर्थ धरा.

अशीच दुसरी खूण म्हणजे सिरीज. एनएसईवर चिन्हासमोर ‘ईक्यू’ असेल तर नेहमीचा व्यवहार. ‘बीई’ असेल तर ट्रेड-टू-ट्रेड: घेतलेला शेअर डिमॅटमध्ये जमा झाल्याशिवाय विकता येत नाही, त्याच दिवशी घेऊन विकणं बंद. बीएसईवर यासाठी ‘टी’ गट आहे. ‘झेड’ गट म्हणजे नियम न पाळलेल्या कंपन्या, तिथे नवख्याचं काही काम नाही. कोटवर एएसएम किंवा जीएसएम या देखरेख यादीचा शिक्का दिसला तर शेअर जादा देखरेखीखाली आहे.

पी/ई आणि शेजारचे आकडे

कोटच्या खालच्या भागातले आकडे कंपनीबद्दल असतात. पी/ई म्हणजे भाव भागिले एका शेअरमागे वर्षभराचा नफा. नफा १८.३० असेल तर ४१२.६० भागिले १८.३० म्हणजे २२.५. हा आकडा दिसायला सरळ आहे, पण त्यातला नफा कुठून आला हे तपासल्याशिवाय त्याला हात लावू नका. ठाण्यात आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या जागांवर टॉवर उभे राहिलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. अशी जमीन विकून कंपनीला एका वर्षी घसघशीत नफा होतो, पण जमीन एकदाच विकता येते. वरच्या १८.३० मधले १० रुपये जमिनीचे असतील, तर धंद्याची कमाई ८.३० आणि खरा पी/ई जवळजवळ ५०. पडद्यावर मात्र २२.५ च दिसत राहतो. तिमाही निकालात ‘अपवादात्मक बाबी’ अशी ओळ असते, ती पाहा. दोन ॲपवर दोन वेगळे पी/ई दिसले तर एकानं फक्त मुख्य कंपनीचा आणि दुसऱ्यानं उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरलेला असण्याची शक्यता मोठी. एकत्रित धरा.

फेस व्हॅल्यू म्हणजे कागदावरची मूळ किंमत, १, २, ५ किंवा १० रुपये. बाजारभावाशी तिचा संबंध नाही, पण लाभांश तिच्यावर मोजतात. ‘२५० टक्के लाभांश’ ही बातमी फेस व्हॅल्यू २ असलेल्या शेअरसाठी ५ रुपयांची आहे, म्हणजे ४१२.६० च्या भावावर सव्वा टक्क्याच्या आसपास.

मार्केट कॅप म्हणजे भाव गुणिले एकूण शेअर. १२ कोटी शेअर असतील तर आपली उदाहरणातली कंपनी ४,९५१ कोटींची. स्वस्त-महाग ठरवायला नुसता भाव निरुपयोगी आहे. एमआरएफच्या एका शेअरनं जून २०२३ मध्ये एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला, आणि दुसरीकडे १२ रुपयांचे शेअरही आहेत. १२ रुपयांचा आहे म्हणून तो स्वस्त, असं होत नाही. कंपनीचे तुकडे किती केलेत, एवढंच भाव सांगतो.

यामुळेच ५२ आठवड्यांचा उच्चांक वाचताना जपा. कंपनीनं एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, दिला की शेअर दुप्पट होतात आणि भाव एका रात्रीत निम्मा. काही ॲप जुना उच्चांक त्याप्रमाणे निम्मा करतात, काही उशिरा करतात. ८२० चा उच्चांक आणि आजचा भाव ४१२ पाहून ‘निम्म्या किमतीत मिळतोय’ म्हणण्याआधी बोनस किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक तुकडे) झालं का, ते कॉर्पोरेट ॲक्शनच्या सदरात बघा. लाभांश किंवा बोनस हवा असेल तर एक्स-डेटच्या (त्या लाभाशिवाय शेअरचे सौदे सुरू होतात तो दिवस) आदल्या कामकाजाच्या दिवसापर्यंत खरेदी झालेली हवी. एक्स-डेटला घेतलात तर मिळत नाही.

भाव ताजा आहे का?

भावाखाली बारीक अक्षरांत वेळ असते. ती आधी वाचा. काही संकेतस्थळांवर भाव काही मिनिटं उशिरा येतो. ठाणे-पनवेल लोकलच्या गर्दीत फोनची रेंज गेली की पडद्यावरचा आकडा तिथेच गोठतो आणि तरी तो ताजाच वाटतो. अशा वेळी ऑर्डर टाकू नका. सकाळी ९ ते ९.१५ या प्री-ओपनमध्ये, म्हणजे नेहमीचे सौदे सुरू होण्याआधी, दिसणारा भाव सुरुवातीला फक्त अंदाजाचा असतो, ऑर्डरी जुळेपर्यंत तो हलत राहतो. ९.१५ नंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटं स्प्रेड रुंद असतात, म्हणून निवांत गुंतवणूकदारानं ती जाऊ द्यावीत. शनिवार-रविवारी, महाराष्ट्र दिनी किंवा गणेश चतुर्थीला दिसणारा भाव मागच्या कामकाजाच्या दिवसाचा असतो. एकाच शेअरचा एनएसई आणि बीएसईवरचा भाव काही पैशांनी वेगळा असणं नेहमीचं आहे. ज्या ठिकाणी उलाढाल जास्त आणि स्प्रेड कमी, तिथे ऑर्डर टाका.

कोणी पाठवलेल्या लिंकवरून ॲप घेतलं असेल आणि त्यात तुमचा शेअर भलताच वर दिसत असेल, तर तोच शेअर एनएसई किंवा बीएसईच्या स्वतःच्या संकेतस्थळावर उघडून भाव ताडून बघा. बनावट ॲपमध्ये कोटही बनावटच असतो. आकडे जुळत नसतील तर आणखी पैसे भरू नका आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा.

सौदा झाल्यावर ब्रोकरकडून २४ तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याचं बिल, ई-मेलवर येते. तिच्यात प्रत्येक सौद्याचा भाव, संख्या आणि वेळ सेकंदासह असते. ९० ला पडलेले ते १४० शेअर तिथे वेगळ्या ओळीत दिसतात. त्याखाली ब्रोकरेज, जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि एसटीटी (शेअर सौद्यावरचा कर). डिलिव्हरीत एसटीटी ०.१ टक्का असतो, घेतानाही आणि विकतानाही. विकताना डीपी शुल्क (डिमॅटमधून शेअर बाहेर काढण्याचं) वेगळं लागतं आणि ते शेअर दोन असोत की दोनशे, एका कंपनीमागे दिवसाला तेवढंच असतं. दोन-चार शेअर विकताना ते आधी वजा करून बघा. सौद्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी शेअर डिमॅटमध्ये जमा झाल्याचा संदेश सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडून येतो. त्यातली संख्या नोटमधल्या संख्येशी जुळवून घ्या.